तुझ्या बियाण्याच्या भाकरी

नाम्या, तुझ्या तेरवीला गाव जेवलं आणि कुणाला नावं ठेवायला जागा उरली नाही. लढाईच्या दिवसांत गहू कुठे मिळतो? पोळ्या सोयऱ्यांपुरत्या झाल्या, बाकी सगळ्यांच्या पानात भाकरी. "जवारी कोनती हो? लय गोड भाकर झाली," असं दोघातिघांनी मला विचारलं. मी मान ताठ करून सांगितलं, "नाम्याच्याच घरची हाय."

त्या भाकरी कशाच्या होत्या हे मला महिन्याभरानं कळलं. ते तुझं बियाणं होतं. आठ वर्षांचं. एकेक कणीस न्याहाळून, त्याला लाल दोरा बांधून, वेगळं खुडून, वेगळं बडवून ठेवलेलं. ते मी, तुझ्या सख्ख्या थोरल्या भावानं, जात्यात घातलं आणि वर मान ताठ केली.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. तू जिवंत असताना आपण भांडलो नाही असा आठवडा गेला नाही, मग आता तुला सोडायचं काय कारण? तुझ्या घरात तीन रांजण एका रांगेत, तिन्ही एकाच कुंभाराचे, तिन्हींची तोंडं सारखीच मातीनं लिंपलेली. एकात तूर, एकात हरभरा, एकात ज्वारी, आणि प्रत्येकात वर कडुनिंबाचा पाला. बाराव्या दिवशी कणगीतली खायची ज्वारी तळाला गेली होती. बाया म्हणाल्या, पुरणार नाही. माझ्या घरी पोतं होतं. पण मला उमाळा आला. मीच ओसरीवरून मोठ्यानं म्हणालो, "नाम्याच्या तेरवीले नाम्याच्याच घरचं धान्य शिजलं पायजे. रांजन फोडा." तुला एका रांजणावर कोळशानं एक फुली मारता येत नव्हती? मी मराठी चौथी शिकलो आणि तू दुसरीतून पळालास हे खरं, पण फुली मारायला शाळा लागत नाही.

नशीब म्हण किंवा कमनशीब म्हण, बियाण्याला अजून मोरचूद लावायचं होतं. तू ते पेरणीच्या आदल्या दिवशी निळ्या पाण्यात भिजवायचास, कणसावर काणीचा रोग पडू नये म्हणून. आधीच भिजवलं असतंस तर त्या बायांनी रांजण उघडताच नाक मुरडलं असतं आणि तुझं बी वाचलं असतं. हे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल.

तू का सांगितलं नाहीस ते मला ठाऊक आहे. तोच तर राग आहे.

माझ्या कुसुमचं लग्न ठरत होतं ते वर्ष. मंगरूळपीरहून व्याही पहिल्यांदा आपल्याकडे येणार, आणि दिवस हुरड्याचे. पाहुण्याला हुरडा खाऊ घालायचा तर वावरातलं सगळ्यात भरलेलं, सगळ्यात गोड कणीस तोडायचं, ही आपली रीत. बापानं तेच केलं, आज्यानंही तेच केलं. मी तुझ्या वावरात शिरलो. माझ्या वावरातली कणसं बारकी होती, तुझी टच्च भरलेली. त्यातल्या काहींना लाल दोरा होता. मला वाटलं, हेच तू वेगळं काढलेलं, म्हणजे हेच चांगलं. दोरे तोडून फेकले आणि धोतराचा ओचा भरून घेऊन आलो. गोवऱ्यांचा जाळ केला. व्याही म्हणाले, "असा हुरडा आमच्या मंगरुळात नाही भेटला कधी." लग्न तिथंच ठरलं म्हण ना.

तू आलास तेव्हा ते हात चोळून दाणे फुंकत होते. तू पाहुण्यांना रामराम केलास, खाली बसलास, आणि बाजूला पडलेला एक दोरा उचललास. पाहुण्यांदेखत चकार शब्द काढला नाहीस. ते गेल्यावर मात्र बोललास.

"दादा, तीन वर्सं झाली, मी हे करून राह्यलो. काहून तोडले?"

"पाहुन्याले काय किडके खाऊ घालू?"

"हेच त्! आपन चांगलं थे खातो अन् उरलं थे पेरतो. बाप तसाच करे, आजा तसाच करे. मंग म्हंतो जमीन थकली."

मी हसलो. खरंच हसलो, नाम्या, आठवतंय मला. म्हटलं, पुढल्या वर्षी बांध पुन्हा, दोराच तर आहे. तू तो दोरा बोटाला गुंडाळत उठून गेलास. पुढच्या आठवड्यात तुझी चूल वेगळी झाली. अंगण एक राहिलं, बैल एक राहिले, पण चुली दोन झाल्या. त्यानंतर तुझ्या वावरात दोरा कुठल्या कणसाला बांधलाय हे मला कधी दिसलं नाही. तू तो खाली, बुडाशी बांधायला लागलास, गवतात झाकून, माझ्यापासून लपवून, जसा काही मी चोर.

होतोच म्हणा.

पण एक ऐक. तुझंही डोकं काही कमी फिरलेलं नव्हतं. गोठ्याचं काय केलंस आठवतंय? रोज गोठ्यात कोरडी माती पसरायची, बैल-गाईंचं मूत तिच्यात मुरू द्यायचं, आठ-दहा दिवसांनी ती माती उकरून वावरात न्यायची आणि नवी पसरायची. उन्हाळ्यात त्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. गावानं तुला मुत्या म्हणायला सुरुवात केली. मेडशीच्या बाजारात कुणी मागून "मुत्या" म्हणून हाक मारली की तू वळून "काय हो?" म्हणायचास, जसं काही तुझं बारशातलंच नाव ते. मी त्यांच्याबरोबर हसत होतो. आपल्या भावाला मुत्या म्हणतात आणि आपण हसतो, असा मी.

शेणाचं तर विचारूच नको. तुझ्या घरात गोवरी थापायची बंदी. "शेन जाळनं म्हंजे वावर जाळनं," म्हणायचास. तुझी वहिनी एकदा वैतागून म्हणाली होती, "मंग चुलीत काय हातपाय घालू?" तू दुसऱ्या दिवशी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा तिच्या दारात आणून टाकलास. वर्षभर आणत होतास. तेवढं मात्र तुझं मानतो. तुझ्या चुलीत पऱ्हाटी, तुझं शेण खड्ड्यात, तुझं मूत मातीत, आणि तुझ्या पट्ट्यातली ज्वारी कमी पावसातही उभी. माझी शेजारची, बांधाच्या अलीकडची, ऊन वाढलं की पिवळी पडायची.

यावरून आपलं शेवटचं भांडण. मी म्हणायचो, तुझं बी-बियाणं सगळं झूट आहे, पीक येतं ते तुझ्या त्या घाणेरड्या मातीमुळं. खत मला दे, माझ्या साध्या बियाण्यातही तेवढंच काढून दाखवतो. तू म्हणायचास, "खत लागते, कोन नाही म्हंते? पन बी खराब असलं त् खत खाऊन काणीच फुगते." दाण्याऐवजी काळी भुकटी भरलेली ती कणसं तू मला दाखवायचास, सगळी माझ्याच वावरातली निवडून. शेवटी होळीच्या सुमाराला ठरलं. यंदा तुझं बी माझ्या वावरात टाकायचं आणि खताची पाटीसुद्धा द्यायची नाही. मग पाहू, बी बोलतं की खत. तू खूश झालास. हात पुढं केलास, मी टाळी दिली. आठ वर्षांत पहिल्यांदा मी तुझं बी मागितलं होतं. म्हणून तर यंदा तू रांजणभर ठेवलंस. दोघांच्या वावराला पुरेल एवढं.

ते मी गावाला खाऊ घातलं. बी बोलतं की खत, हे आता कुणाला विचारू?

आणि मेलास कशापायी तर त्या मातीपायी. वैशाखातली दुपार. मी ओरडून सांगितलं, सांजेला ने खेप, माणूस लाव. तू म्हणालास, "पाच झाल्या, एकच राह्यली." जऊळक्याच्या स्टेशनात दुपारच्या गाडीची शिटी झाली तेव्हा तू गोठ्यात फावडं मारत होतास. थोड्या वेळानं बैल गाडीसकट अंगणात नुसते उभे दिसले म्हणून मी गेलो, तर तू चाकाला टेकून बसलेला, अंग तव्यासारखं. कांदा चोळला, पन्हं पाजलं, ओल्या धोतरात गुंडाळलं. दिवस मावळायच्या आत संपलं. शेवटी डोळे उघडून काय बोललास? "बैलं सोडले का?" मरता मरता बैलांची चौकशी केलीस. रांजणाची केली असतीस तर तुझं काय गेलं असतं?

आता यमुनेचं सांगतो. तुझ्या बायकोचं.

मी तिचा भासरा. आपल्यात धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. एकोणीस वर्षं ती या घरात आहे, एकोणीस वर्षांत तिनं माझ्याशी शब्द बोललेला नाही. मी येताना खाकरायचं, तिनं पदर ओढून आत जायचं. काही सांगायचंच असलं तर दाराआडून बांगड्या वाजवायच्या, मग मी बाजूला व्हायचं किंवा तुझ्या वहिनीला हाक मारायची. तुझी चूल वेगळी झाल्यावर तर तुझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला माझा पाय लागला नाही.

मी ओसरीवरून रांजण फोडायला सांगितला तेव्हा ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. आतून दाराची कडी वाजली. एकदा, मग परत, मग परत. मला वाटलं, पाणी हवं असेल, जीव घाबरला असेल. मी एका म्हाताऱ्या बाईला आत पाठवलं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "काही नाही, रडून राह्यली." मी जात्याजवळ गेलो, पीठ पाहिलं आणि म्हटलं, बारीक दळा.

गेल्या आठवड्यात पेरणीची तयारी करायला लागलो. टाळी दिली होती, माझ्या वावरात तुझं बी टाकायचं होतं. तुझ्या ओसरीवरून वहिनीला आत धाडलं, म्हटलं, नाम्याचं बियाणं काढून आण. ती आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. तोंड उतरलेलं.

"यमुना म्हंते, थे त् तेरवीले दळलं."

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण तुला सांगतो. तुझ्या दारापुढं जाऊन उभा राहिलो आणि बंद दारावर ओरडलो. अख्खी गल्ली ऐकत होती. "काहून बोलली नाही? ठाऊक होतं नं तुले? काहून बोलली नाही?"

 मी वळणार तेवढ्यात आतून आवाज आला. मला आधी कळेनाच कोण बोलतंय.

"कडी वाजवली म्या. तीन डाव वाजवली. बांगड्या असत्या त् बांगड्या वाजवल्या असत्या."

 बांगड्या आम्हीच तर फोडल्या होत्या, नाम्या, तू गेलास त्याच दिवशी.

"तुमी म्हातारीले धाडलं," ती बोलतच राहिली, "तिले सांगतलं म्या, रांजनाले हात लावू नोका, बियानं हाय. थे म्हने, मानूस गेला अन् जवारीले काय कवटाळतं? तुमचा राग हाय त्याइच्यावर का तुमाले सांगतलं नाही म्हनून. तुमाले कायले सांगतीन? तुमी हुरड्याले तोडलं असतं."

 वहिनी माझ्याकडे पाहत होती. तिला वाटलं मी आता दार फोडणार.

"अन् एक सांगू, दादाजी?" आवाज थोडा खाली आला. "थे फक्त दोरा बांधत. चार सालापासून त्याइले जवळचं दिसत नव्हतं. कनीस मी पाहो. काणी कोनाले लागली, कोनतं ताट ठोसर, मजबूत हाय, कोनतं पयले निसवलं, हे मी सांगो, मंग थे दोरा बांधत."

म्हणजे चाळिशी लागली तेही मला सांगितलं नाहीस! मेडशीच्या बाजारात चष्मेवाला बसतो, मी तुला हाताला धरून नेलं असतं. पण तुला ते नको होतं. तू डोळे बायकोचे घेतलेस आणि गावाला वाटू दिलंस की मुत्या एकटाच वेडा आहे. पहाटे दोघं वावरात जायचात, मी म्हणायचो, पाहा, बायकोला कसा कामाला जुंपतो. मी किती मूर्ख होतो याचा हिशेब लागत नाही.

मग ती म्हणाली, "आत या."

मी म्हटलं, "कुठं?"

"सैपाकघरात या. चुलीवर पाहा."

उंबरा ओलांडताना मी सवयीनं खाकरलो. ती पदर ओढून उभी होती, पण आत गेली नाही. चुलीवर आढ्याला, धुरानं काळी झालेली पाच कणसं टांगलेली होती. प्रत्येकाच्या देठाला दोरा, लाल होता हे काजळी पुसल्यावर कळलं. दरवर्षी सगळ्यांत अव्वल पाच कणसं तू तिथं टांगायचास, धुरानं कीड लागू नये म्हणून, आणि रांजण बुडाला तरी मूळ बी राहावं म्हणून. चूल वेगळी झाल्यापासून ती माझ्यापासून वीस पावलांवर होती. लपवलीसुद्धा नव्हतीस. मी येऊ शकत नाही अशा जागी उघड्यावर ठेवली होतीस.

मी तिथंच, चुलीपाशी, रडलो. तेरवीला रडलो नव्हतो.  तिनं कणसं काढून परातीत ठेवली आणि म्हणाली, "एकेक दाना टोबला त् चार तासं होतीन, चार ओळी. दोन त्याइच्या वावरात, दोन तुमच्या. तुमच्यात खत टाकू नोका. तुमचं भांडन अर्धं राह्यलं नं, थे होऊन जाऊ द्या."

काल टोबली. ती पुढं, मी मागं. तिनं बोटानं भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, पायानं माती लोटायची. नाल्यावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले. दीड महिन्याची रांड बाई भासऱ्यासंगं वावरात, असं आज गावात बोलून राह्यले आहेत. बोलोत. त्यांनी तुझं बी खाल्लं आहे, आता त्यांना बोलायचा हक्क नाही. आणि हो, माझ्या गोठ्यातही कोरडी माती पसरली आहे. सकाळीच एकानं मला मुत्या म्हणून हाक मारली. पण ती माती तुझ्या पट्ट्यात जाईल, माझ्या दोन तासांना एक पाटी मिळणार नाही. पैज ती पैज.

कणसं निसवायला अजून अवकाश आहे, पण यमुनेनं लाल दोरा आताच आणून ठेवायला सांगितला. लढाईपायी सूत मिळणं मुश्कील, म्हणून टोबायच्या दोन दिवस आधी मी मंगरूळपीरला गेलो होतो. व्याह्यांच्या घरी उतरलो. कुसुमनं पाणी दिलं. व्याह्यांनी तुझी आठवण काढली, हळहळले, आणि मग गप्पांच्या ओघात म्हणाले, "दिवाळीनंतर येतोच हुरड्याले. त्या सालासारखा काढून ठेवजा."

मी म्हटलं, "यंदा हुरडा नाही."

ते हसले. "कायले? पाऊस त् चांगला होईन म्हंतात."

"पाऊस होईन. पन माह्या घरी हुरडा नाही. यंदा नाही, पुढल्या सालीबी नाही."

कुसुम दारातून पाहतच राहिली. व्याह्यांचं तोंड असं झालं की काय सांगू. ज्या माणसापुढं मान ताठ राहावी म्हणून मी तुझे दोरे तोडले, त्याच्या ओसरीवरून मी चहाही न घेता उठलो. बाजारात जाऊन दोरा घेतला. लाल मिळाला नाही, तांबूस आहे.

तो दोरा आत्ता माझ्या बंडीच्या खिशात आहे. यमुना कणीस दाखवील आणि मी बांधीन, अगदी वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. तू असतास तर म्हणाला असतास, रंग चुकला. आणि मी तुझ्यावर ओरडलो असतो, आणि तू ऐकून घेतलं असतंस.